पालथ्या शेगडीखालचं कणीस

मित्रांनो, आमच्या घरामागं कधी आलात तर न्हाणीच्या दगडाजवळ तुम्हाला एक गंजकी वस्तू पालथी पडलेली दिसेल. तीन पाय आभाळाकडे, तोंड मातीत. कोंबड्या खुशाल तिच्यावर चढून बसतात. तीच मी, शेगडी. हसू नका. पालथं पडलेल्याला कुणीही हसतं. मी मूळची तापट आहे आणि अंगावर गंज चढला तरी तो तापटपणा काही गेलेला नाही. तेव्हा मुकाट्यानं बसा आणि ऐका. माझ्या पोटाला हे एवढं मोठं भोक कसं पडलं, ते मला आज सांगायचं आहे.

माझा जन्म एका गळक्या बादलीपासून झाला. पाथर्डीकडच्या आमच्या कोरडवाहू गावात कानिफनाथ नावाचा लोहार होता. आक्काबाईनं त्याच्याकडे ती बादली नेली. त्यानं ती निम्म्यात कापली, मधोमध लोखंडी गजांची जाळी बसवली, खाली राख काढायला दार पाडलं आणि तीन पाय ठोकले. त्यातला एक पाय मेल्यानं आखूड ठेवला. म्हणून मी जन्मभर जरा तिरकीच उभी राहिले. आक्काबाईनं मात्र मला नावं ठेवली नाहीत. तिनं भुसा कालवलेली पिवळी माती माझ्या पोटाला आतून लिंपली, आखूड पायाखाली खापराचा तुकडा सरकवला आणि म्हणाली, "आता बस निवांत."

आक्काबाई ही त्या घरची मालकीण. तिचा नवरा रखमाजी, मुलगा मच्छिंद्र आणि गोठ्यात हौश्या नावाचा एक बैल, एवढाच तो संसार. दुसरा बैल शेजाऱ्याचा घेऊन ते औत धरायचे. जोंधळा आणि हरभरा ही त्यांची पिकं. रखमाजीचा हौश्यावर इतका जीव की भाकरीचा पहिला तुकडा त्याला घातल्याशिवाय तो स्वतः जेवायला बसत नसे. आक्काबाई चिडवायची, "माझ्याशी लगीन कशाला केलं? बैलाशीच करायचं हुतं." रखमाजी मिशीत हसायचा.

घराचा मान चुलीला. माझ्याकडे चहा, वांगी भाजणं आणि थंडीत हात शेकणं एवढंच काम. मला त्याचा राग यायचा. मग घरात सून आली, पुष्पावती. ती आली आणि माझं नशीब उघडलं.

ती श्रीगोंद्याकडची. तिच्या माहेरी पाटाचं पाणी होतं, उसाच्या कडेनं मका लावायची पद्धत होती. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात तिचा भाऊ छगन पोतंभर ओली कणसं घेऊन आला. आमच्या घरात तोवर मका कुणी भाजला नव्हता. पुष्पावती पदर खोचून माझ्यापुढं बसली. तिनं कणसाची पानं सोलून मागं वळवली, त्यांचीच मूठ केली आणि कणीस माझ्या निखाऱ्यांवर धरलं. दाणे तडतडले. वास असा सुटला की शेजारची गोजरबाई कुंपणावरून डोकावली. मीठ आणि लाल तिखट एकत्र करून पुष्पावतीनं लिंबाच्या फोडीनं कणसाला चोळलं आणि पहिलं कणीस सासऱ्याला दिलं.

रखमाजीनं ते फिरवून फिरवून पाहिलं. "आन् काय गं पोरी, हे ताटाला कुठं येतं?"

"कमरेला येतं, मामा."

"कमरेला? आन् डोक्यावर?"

"डोक्यावर नुसता तुरा."

"लई येडं पीक हाय," रखमाजी म्हणाला. "आमच्या जोंधळ्याचं कसं, दाणा डोक्यावर. ह्याचं डोस्कं रिकामं आन् कंबर भरलेली!" सगळे हसले. मीही हसले असेन, कारण माझ्या निखाऱ्यातून ठिणगी उडाली. मित्रांनो, ते हसणं लक्षात ठेवा. ते पुढं आम्हाला फार महाग पडलं.

पुष्पावतीला पहिल्यांदा दिवस गेले ते उन्हाळ्यात. मला पेटवताना ती माझ्यावर वाकायची आणि ओठातल्या ओठात म्हणायची, "एक कनीस असतं तर." फक्त मला ऐकू जायचं. नवी सून, भर उन्हाळ्यात ओलं कणीस कसं मागायचं? ती लाजली आणि गप्प बसली. मुलगा झाला. गोरा, गुटगुटीत. तो अजून बसायलाही शिकला नव्हता, तेव्हा त्याचा कान वाहू लागला. ताप चढला. माझ्यावर तेल कोमट करून त्याच्या कानात घातलं, कांद्याची पात शेकली, काही उपयोग झाला नाही. पोर गेलं.

आमच्याकडे सगळ्या बायका मानतात, गरोदर बाईचा डोहाळा पुरवला नाही तर मुलाचा कान फुटतो. गोजरबाई गावची सुईण. मनानं वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. भेटायला आली आणि पुष्पावतीला सगळ्यांसमोर विचारून बसली, "काय गं, डोहाळा ऱ्हायला हुता का काय तुझा?"

त्या दिवसापासून पुष्पावतीनं मनात धरलं की आपण तोंड उघडलं नाही म्हणून आपलं पोर गेलं. ती माझ्यापुढं बसून तासन् तास राख उकरत राहायची. मी लोखंडाची, मला शास्त्र काय कळणार? पण मला विचाराल तर त्या पोराचा कान सर्दीनं फुटला असेल, गार वाऱ्यानं फुटला असेल. एक कणीस न खाल्ल्यानं कुणाचं पोर मरत नाही. हे तिला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण शेगडीला तोंड असतं ते फक्त कोळसे घालायला.

मग बहात्तर साल आलं.

पाऊस आलाच नाही. आदल्या वर्षीही नीट झाला नव्हता. आता जोंधळा पेरलाच नाही, विहिरीच्या तळाशी गढूळ पाणी उरलं, ते वाटीनं भरून घ्यावं लागायचं. रेशनवर लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेला जोंधळा. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. मच्छिंद्र खडी फोडायला दुष्काळी कामावर जाऊ लागला. तिथं कधी सुकडी, म्हणजे वाटपाचं गोड पीठ, मिळाली की ती तो धोतराच्या सोग्यात बांधून बायकोसाठी आणायचा. कारण पुष्पावतीला पुन्हा दिवस गेले होते.

तिच्या पोटात काही ठरेना. मिलोची भाकरी पाहिली की ती उठून मागं पळायची. सुकडी उलटायची. गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. एका सकाळी आक्काबाई मला पेटवत होती, मूठभर कोळशावर काळा चहा करत होती. पुष्पावती येऊन तिच्या शेजारी बसली आणि एकाएकी रडायला लागली.

"आत्याबाई, मला भाजलेलं कनीस खाऊ वाटतंय."

आक्काबाईनं चहाचं भांडं खाली उतरवलं.

"मागच्या येळेला बी हेच वाटत हुतं. मी बोलले न्हाई. लाज वाटली. आन् माझं पोर गेलं. आता मी न्हाई गप बसायची, आत्याबाई. तुमी मला हावरट म्हना, काय बी म्हना. मला कनीस पायजे. न्हाई मिळालं तर हे बी पोर जाईल."

बाहेर झाडाला पान नव्हतं, गावात जनावरांना काडी नव्हती, आणि सून ओलं कणीस मागत होती. तिनं सुनेचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "हावरट कशाला म्हनू? बोललीस ते लई बरं केलंस बाई. मी हाय ना. आननार म्हंजे आननार." असं म्हणताना तिचा आवाज इतका कापत होता की मला तिचा विश्वासच वाटेना.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र सासुरवाडीला गेला. काही अंतर एस.टी.नं, बाकी पायी. परत आला तेव्हा त्याचा चेहराच सांगत होता. पाट कोरडा होता. मका लावला होता तो कणीस धरायच्या आधीच कापून गुरांना घालावा लागला होता. छगननं आढ्याला बियाण्यासाठी टांगलेलं एक वाळकं कणीस तेवढं मेव्हण्याच्या हातात दिलं होतं.

त्यातली एक बाजू त्यांनी भाजून पाहिली, माझ्यावरच. मी होता नव्हता तेवढा जीव लावून मंद जळले. पण वाळकं कणीस दगडासारखं. दाणे काळे पडले, काही फुटून उडाले, आत पीठ तसंच राहिलं. पुष्पावतीनं दोन दाणे चावले आणि थुंकले. मग तिनं तोंडात पदर कोंबला. मला इतकी लाज वाटली की वाटलं, कानिफनाथानं मला पुन्हा बादलीच करून टाकावं.

आक्काबाई उठली. उरलेलं कणीस तिनं हातात घेतलं, चांगले टपोरे दाणे वेचून काढले आणि म्हणाली, "पेरू."

"कुठं पेरतीस?" रखमाजी म्हणाला. "पानी कुठं हाय?"

"न्हानीपाशी. तोंड धुतो का न्हाई आपन? भांडी इसळतो का न्हाई? त्या पान्यावर तीन ताटं जगवीन मी. तिला आता चौथा हाय. आठव्यापातूर कनीस हातात पडंल."

तिनं न्हाणीच्या दगडाखाली ओल्या मातीत दाणे टोकले. तीन कोंब वर आले. पण गावातल्या कोंबड्या उपाशी, हिरवं दिसलं की टोचणार. आक्काबाईनं इकडं तिकडं पाहिलं आणि मला उचललं. आतलं मातीचं लिंपण खरवडून काढलं आणि मला त्या कोंबांवर पालथी घातली. मला पहिल्यांदा भयंकर राग आला. माझ्यावर कणीस भाजायचं सोडून मला मातीत तोंड घालायला लावलं! मग सकाळी राखेच्या दारातून आणि जाळीतून ऊन आत आलं आणि मी माझ्याच पोटात पाहिलं. जिथं आजवर फक्त विस्तव होता, तिथं तीन हिरवी पाती उभी होती. मित्रांनो, तेव्हापासून मी श्वाससुद्धा जपून घेऊ लागले.

त्या घरात पाणी किती जपून वापरलं जायचं, ते मी दिवसभर ऐकायचे. मच्छिंद्र खडी फोडून आला की त्या मातीवर उभा राहून तांब्याभर पाण्यात हातपाय धुवायचा. भांडी राखेनं घासून उरलेल्या चुळकाभर पाण्यानं विसळायची, तेही तिथंच. आक्काबाई चूळसुद्धा तिथंच भरायची. माझी जाळी पातींना अडू लागली तेव्हा मला काढून बाजूला ठेवलं, सरळ नाही, पालथीच. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. बकऱ्या काट्यांतून माना घालायच्या, रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थबकून पाहायचा. एवढ्या उजाड गावात तेवढंच हिरवं होतं.

पुष्पावती रोज सकाळी येऊन बसायची. ताटांशी बोलायची. "वाढा रं बाबांनो, लवकर वाढा." ती थोडं थोडं खाऊ लागली होती, भाकरीचा चतकोर, मिठाचं पाणी. पण ते भुकेनं नव्हतं. ते कणसाच्या दिवसापर्यंत कसंबसं पोचण्यासाठी होतं. तिची हाडं दिसायची आणि पोट पुढं आलं होतं. आक्काबाईनं एका मडक्यात बाभळीचे थोडे कोळसे राखून ठेवले होते. त्या कोळशांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. ते कणसासाठी होते.

दोन ताटांना तुरे फुटले. कमरेला कणसं दिसू लागली, त्यांच्या टोकाला रेशमासारखे मऊ केस आले. तिसरं ताट मागं पडलं होतं, त्याचा तुरा अजून पानात लपलेला होता. पुष्पावती त्या केसांना बोटही लावायची नाही, नुसती पाहायची.

त्याच सुमारास हौश्या बसला. गोठ्यात बैल बसला आणि उठेना, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात काय होतं हे सांगायला नको. जनावरांच्या चारा छावणीत न्यायचा तर चालवत न्यावा लागणार, आणि तो तर मान उचलत नव्हता. रखमाजी त्याच्या पाठीवर हात फिरवत बसून राहिला. मग दुपारी विळा घेऊन न्हाणीपाशी आला.

मी तिथंच होते. मी पाहिलं. त्यानं कुंपणाचे काटे बाजूला केले, ताटांपुढं उभा राहिला आणि बराच वेळ विचार केला. कणसांना त्यानं हात लावला नाही. पानंही तोडली नाहीत. त्यानं फक्त दोन्ही तुरे, वरच्या शेंड्यांसकट, हळूच कापले आणि हौश्यापुढं नेऊन टाकले. बैलानं हिरव्या वासानं मान उचलली. संध्याकाळी तो उठून उभा राहिला.

रखमाजी लहान पोरासारखा हरखून आत आला. "उठला गं, हौश्या उठला! आन् कनसाला काय बी धक्का लावला न्हाई मी. नुसते शेंडे मारले. हरभऱ्याचे शेंडे खुडले की हरभरा कसा फुटतो? तसंच. आता समदा जोर कनसात जाईल बघ." आक्काबाईलाही ते पटलं. मलासुद्धा पटलं, खोटं का बोलू? आम्ही सगळे जोंधळ्याच्या आणि हरभऱ्याच्या मुलखातले. डोक्यावर दाणा नाही तर त्या डोक्याचा उपयोग काय, असंच आम्हाला वाटायचं.

आठवडाभरानं छगन बहिणीला भेटायला आला. हातपाय धुवायला न्हाणीवर गेला, रखमाजी त्याच्या हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन आला, आणि छगन ताटांकडे पाहत तसाच उभा राहिला.

"मामा," त्यानं हाक मारली. "तुरे कुठं हायेत?"

"बैलाला घातले. का रं?"

छगननं वाकून कापलेले शेंडे चाचपले. "आवो, काय केलंत हे! तुऱ्याची पिवळी धूळ पडती खाली, कनसाच्या केसांवर. ती पडली तर दाना भरतो. न्हाई तर नुसता दांडा. कनीस वरून दिसतं, आत काय बी नसतं."

रखमाजीच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला. त्या दिवसांत कुणी पाणी सांडलं तर घरात आरडाओरडा व्हायचा. त्या दिवशी सांडलेल्या पाण्याकडे कुणी पाहिलंही नाही. दारात पुष्पावती उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती ओरडली नाही, रडली नाही. ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

छगननं हार मानली नाही. तिसऱ्या ताटाचा तुरा नुकताच बाहेर आला होता. तो त्यानं हलक्या हातानं वाकवून तिन्ही कणसांच्या केसांवर झटकला. थोडी धूळ माझ्यावरही पडली. "दोन कनसांचे केस सुकाया लागलेत," तो म्हणाला, "पडलं तर पडलं. तिसऱ्याचं काय तरी हुईल. एकट्या तुऱ्यावर किती भरनार?" जाताना तो बहिणीशी बोलायला गेला. तिनं डोळे उघडले नाहीत.

त्यानंतरचे दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. पुष्पावतीनं जेवण सोडलं. आक्काबाई तिच्या तोंडाशी पेज धरायची, "पोटातल्यासाठी तरी," म्हणायची. ती म्हणायची, "कशाला आत्याबाई? त्याचं ठरल्यालं हाय." रखमाजीनं हौश्याला छावणीत पोचवलं आणि मग तो घरात जेवायलाच बसेना. ओसरीच्या कडेला बसायचा आणि सून समोर आली की मान खाली घालायचा. न्हाणीवर आला की त्या कणसांवरून हात फिरवायचा. सोलून पाहायची त्याला फार इच्छा व्हायची. आक्काबाईनं ताकीद दिली होती, "दिवस भरल्याबिगर कुनी सोलायचं न्हाई." मला वाटतं, तिलाच पाहायची भीती वाटत होती. मीही देवाला म्हणत होते, देवा, मला जन्मात दुसरं काही भाजायला देऊ नकोस, पण या एका कणसात दाणा घाल.

आठवा महिना लागला आणि एका सकाळी पुष्पावतीला कळा सुरू झाल्या. भलत्या वेळी. गोजरबाई धावत आली, तिनं हात लावून पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. आठव्यातलं मूल जगत नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. तिच्या उतरलेल्या तोंडावर सगळ्यांनी तेच वाचलं.

आतून पुष्पावतीचा आवाज आला. "आत्याबाई, कनीस!"

आक्काबाई मागं धावली. तिनं मला उलटून सरळ उभी केली, पायाखाली खापर सरकवलं, मडक्यातले कोळसे ओतले. मच्छिंद्रानं फुंकून फुंकून विस्तव केला. किती महिन्यांनी मी पेटत होते! रखमाजीनं तिन्ही कणसं तोडली. पहिलं सोललं. पांढरा, गुळगुळीत दांडा, एक दाणा नाही. दुसरं सोललं. तसंच. रखमाजीनं तिसरं हातात घेतलं आणि त्याची बोटं चालेनात. मच्छिंद्रानं ते त्याच्या हातून घेऊन सोललं. एका बाजूला, टोकापाशी, दाण्यांचा एक लहानसा पुंजका होता. बाकी कणीस म्हातारीच्या बोळक्या तोंडासारखं. पण ते दाणे भरलेले होते, पिवळे, दुधाळ.

"द्या हिकडं," रखमाजी म्हणाला. "म्या भाजतो."

त्यानं कधी आयुष्यात काही भाजलं नव्हतं. त्यानं पानांची मूठ केली, जशी सुनेनं त्या श्रावणात केली होती, आणि कणीस माझ्यावर धरलं. मी जपून जळले, मित्रांनो. एकही दाणा करपू दिला नाही. दाणे तडतडले, वास सुटला, दारातून आत गेला. आक्काबाईनं मीठ-तिखट लावलं आणि ते आत नेलं.

आतून गोजरबाईचा आवाज ऐकू आला. त्या आवाजात नेहमीची धार नव्हती. "खा गं बाई, खा. एक एक खा. पुरा हुतोय तुझा डोहाळा. मी मेली काय बाय बोलून गेले हुते तवा, इसर ते." दोन कळांच्या मधे पुष्पावती दाणे चावत होती. मग ती मोठ्यांदा म्हणाली, "मामांना सांगा, ग्वाड हाय." रखमाजीनं माझ्यासमोर बसल्या बसल्या तोंड झाकून हंबरडा फोडला.

दुपारी मुलगी झाली. हाताच्या पंजात मावेल एवढी. रडली नाही, नुसता मांजराच्या पिल्लासारखा आवाज केला. गोजरबाई दारात येऊन म्हणाली, "गार पडतीया. ऊब पायजे. शेगडी आना बाजंखाली, आन् इझू देऊ नका. इझली की संपलं."

मला आत नेलं. पण कोळसे संपले होते. आसपास जळण कुठून येणार? बाभळी पाल्यासाठी कधीच छाटल्या होत्या, शेणाच्या गोवऱ्या संपल्या होत्या. घराचं दार काढायला मच्छिंद्र निघाला. माझे निखारे राखेत बुडायला लागले होते. मला जाणवत होतं, मी विझत चालले आहे. एवढीशी पोर माझ्यावर बाजेवर निजली होती, आणि मी विझत होते.

तेवढ्यात अंगणातून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. रखमाजी हौश्याचं जू फोडत होता. बाभळीचं, वीस पावसाळे पाहिलेलं, बैलाच्या मानेनं गुळगुळीत झालेलं जू. दसऱ्याला ज्याची पूजा होते ते. आक्काबाई बाहेर धावली, "आवो, हे काय करताय! पाऊस आला तर पेरनार कशानं?"

"पाऊस आला की नवं करू," रखमाजी म्हणाला. घाव घालणं थांबलं नाही. "माझ्या बैलानं हिच्या तोंडचं खाल्लंय. आता बैलाचं हिला खाऊ दे."

त्यानं जुवाचे तुकडे माझ्यात घातले. जुनी बाभळ कशी जळते तुम्हाला माहीत नाही. पांढरी आच लागते. माझं मातीचं लिंपण आधीच गेलं होतं, जळत होतं ते थेट माझं लोखंड. रात्रंदिवस मी जळले. जाळीचे गज लाल होऊन वाकले, मधला तुटला, बुडाला भोक पडलं. मी हू की चू केलं नाही. सगळं जू संपलं तेव्हा माझ्याही पोटातली जाळी संपली होती. आणि त्या सकाळी ती पोर रडली. खरं रडली, गळा काढून, घर डोक्यावर घेऊन. आक्काबाईनं माझ्याकडे पाहून कानशिलांवर बोटं मोडली.

तर अशी मी निकामी झाले. पुढं पाऊस आला, छावणीतून हौश्या परत आला, कानिफनाथानं नवी शेगडी करून दिली. ती सरळ उभी राहते, टवळी. मला भंगारात द्यायचं घाटत होतं, तेव्हा पुष्पावती म्हणाली, "तिला न्हाई द्यायचं." म्हणून मी इथं न्हाणीपाशी आहे. दर वर्षी आक्काबाई इथं मक्याचे दाणे टोकते आणि मला वर पालथी घालते. तुऱ्याला हात लावायची कुणाची छाती नाही. रखमाजी काठी घेऊनच बसतो.

आणि पोरीचे कान? मित्रांनो, इतके तिखट की अंगणाच्या त्या टोकाला खेळत असली तरी नव्या शेगडीवर पहिला दाणा तडतडला की धावत येते. "मला! मला आधी!" असं ओरडते. लाजत नाही. तिला तिच्या आईनं लाजायला शिकवलेलंच नाही.

माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी खाली मान घालून, पदराचं टोक पिळत, "मला अमुक खावंसं वाटतं" असं म्हणालं, तर हसू नका, नंतर बघू म्हणू नका. आणि कुणी गप्प असेल तर तुम्हीच जवळ बसून विचारा. मी लोखंडाची असून मला ऐकू जात होतं, मग माणसांना का जाऊ नये?

आज पहिली कणसं भाजली. पोरीनं तिचं घेतलं, रखमाजीनं त्याचं. पुष्पावतीनं एक कणीस नीट भाजलं, मीठ-तिखट लावलं आणि इकडं न्हाणीमागं आली. ते तिनं माझ्या पालथ्या बुडावर, त्या भोकाशेजारी ठेवलं. दर वर्षी ठेवते. कुणासाठी, ते घरात कुणी विचारत नाही. तो पहिला पोरगा असता, तर आज पोरीच्या आधी कणीस मागायला धावत आला असता. एरवी अंगावर बसणाऱ्या कोंबड्यांना त्या वेळी मी जवळ येऊ देत नाही. कणीस गार होईपर्यंत मी ते राखते.